सुजलेली पेशी आणि तिचा भोवताल : रूडॉल्फ फिरखो यांचे जीवन

माणसाच्या शरीरात कोठेही सूज आली तरी तिला पसरायला थोडीफार जागा मिळते. पाय सुजला तर कातडी ताणली जाते. गाल सुजला तर चेहरा बदलतो. मेंदूचे तसे नाही. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा आणि जवळपास चार पंचमांश पाण्याने बनलेला हा अवयव कवटीच्या हाडी पेटीत बंदिस्त आहे. आत पाणी वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की रक्ताचा ओघ अडतो, आणि तो फार अडला तर श्वास चालवणारी केंद्रेही बंद पडू शकतात. तरीही रक्तातील क्षारांचे प्रमाण रोज थोडेबहुत खालीवर होत असताना आपला मेंदू सुजून जात नाही. कारण मेंदूतील पेशी फुगली, तर ती स्वतःच पुन्हा मूळ आकाराकडे वळते. हे ती कसे साधते, हे उलगडायला विज्ञानाला दीड शतकाहून अधिक काळ लागला. या शोधाच्या आरंभी ज्या माणसाचे नाव येते, त्याचे हे संक्षिप्त चरित्र.

रूडॉल्फ फिरखो हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते नवे असेल. बौद्ध समाजाने चालविलेल्या एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टरचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर साधे आहे. सुजलेल्या पेशीकडे पाहताना या माणसाने जो प्रश्न विचारला, तोच त्याने उपाशी माणसाकडे पाहतानाही विचारला. हा बिघाड मुळात याचाच, की याच्या भोवतालच्या परिस्थितीने घडवलेला? हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही.

सरकारी खर्चाने शिकलेला मुलगा

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिवेलबाइन या छोट्या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्विडविन असे आहे. वडील शेती करीत आणि गावच्या नगरपालिकेचे खजिनदार म्हणूनही काम पाहत. घरची स्थिती बेताची. एकुलता एक मुलगा बुद्धीने तल्लख होता, परंतु त्याला वैद्यकीचे शिक्षण देणे त्या घराच्या आवाक्यातले नव्हते.

मार्ग निघाला तो एका सरकारी संस्थेमुळे. बर्लिनमधील फ्रीडरिश विल्हेल्म संस्थेत होतकरू तरुणांना सरकारी खर्चाने डॉक्टर केले जाई आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना काही वर्षे लष्करात वैद्यकीय सेवा करावी लागे. १८३९ मध्ये फिरखो तेथे दाखल झाले. योहानेस म्युलर यांच्यासारखा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभला. १८४३ मध्ये त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली आणि बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयात ते काम करू लागले. १८४६ मध्ये तेथील शवविच्छेदनाचा विभाग त्यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी त्यांनी बेन्नो राइनहार्ट या सहकाऱ्याबरोबर विकृतिशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे पंचवीस. ते नियतकालिक आजही त्यांच्याच नावाने निघते.

याच काळात त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. शरीराच्या एका भागात रक्ताची गुठळी तयार होते, तिचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर वाहत जातो आणि दूर कोठेतरी जाऊन रक्तवाहिनी बंद करतो. वैद्यकात आज रूढ असलेली थ्रॉम्बोसिस आणि एम्बॉलिझम ही नावे फिरखो यांनी दिली. मेंदूतील रक्तवाहिनी अशी बंद झाली की पक्षाघात होतो, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी सुजू लागतात. पेशींची ही सूज पुढे आपल्या विवेचनात येणारच आहे.

सायलेशियातील अहवाल

१८४८ च्या आरंभी प्रशियाच्या सायलेशिया प्रांताच्या वरच्या भागात टायफसची साथ पसरली. (टायफस आणि टायफॉइड हे दोन वेगळे रोग आहेत.) आदल्या वर्षी पिके बुडाली होती आणि लोक अन्नावाचून तडफडत होते. तेथील गरीब जनता मुख्यतः पोलिश भाषा बोलणारी होती. कारभार, शाळा आणि जमिनी मात्र दुसऱ्यांच्या हाती होत्या. वृत्तपत्रांतून ओरड झाली तेव्हा सरकारने पाहणीसाठी डॉक्टर पाठवले. त्यांत सव्वीस वर्षांचे फिरखो होते. सुमारे तीन आठवडे ते त्या भागात हिंडले. त्यांनी झोपड्या पाहिल्या, रोगी तपासले, शवविच्छेदने केली.

सरकारला अपेक्षा होती ती औषधांच्या यादीची. फिरखो यांनी सादर केलेला अहवाल निराळाच होता. साथीचे कारण त्यांनी उपासमारीत, कोंदट व दाटीच्या घरांत, अज्ञानात आणि हक्कहीनतेत शोधले. उपाय म्हणून त्यांनी लोकांना पूर्ण लोकशाही आणि स्थानिक स्वराज्य मागितले, मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिक्षण मागितले, राज्यकारभार धर्मसत्तेपासून वेगळा करा असे सुचविले, गरिबांवरील करांचा बोजा कमी करण्याची आणि रस्ते बांधून शेती सुधारण्याची शिफारस केली. टायफस उवांमुळे पसरतो, हे त्यानंतर साठ वर्षांनी, १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी दाखवले. फिरखो यांना उवांची ही भूमिका ठाऊक नव्हती. पण ज्या परिस्थितीत उवा माजतात, तिच्यावर मात्र त्यांनी अचूक बोट ठेवले होते.

त्या काळी धर्मगुरूंपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेक जण गरिबांच्या रोगाला गरिबांचाच आळस, त्यांचे व्यसन किंवा ईश्वरी कोप जबाबदार धरीत. आपल्याकडे हेच काम पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेने केले. तथागतांनी कार्यकारणाचा जो नियम सांगितला, त्यात दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते. फिरखो यांनी बौद्ध विचार वाचला होता, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण त्यांच्या अहवालाची दिशा तीच आहे, हे आपल्या वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

बर्लिनला परतल्यावर आठवडाभरातच मार्च क्रांतीचा भडका उडाला. फिरखो रस्त्यावरील मोर्चेबंदीत उभे राहिले. त्यांनी वैद्यकीय सुधारणांसाठी एक साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आरोग्य हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असा विचार मांडला. क्रांती दडपली गेली. १८४९ च्या वसंतात त्यांना शॅरिटेतील पदावरून दूर करण्यात आले, आणि त्याच वर्षी त्यांनी बव्हेरियातील वुर्झबुर्ग विद्यापीठाची वाट धरली.

डिंक असे नाव मिळालेल्या पेशी

वुर्झबुर्गमधील सात वर्षांत फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले, त्याने वैद्यकाची बैठकच बदलली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट मेंदूविषयीची. मेंदूत संदेश वाहणाऱ्या चेतापेशी असतात, हे तोवर माहीत झाले होते. त्यांच्या मधल्या जागेत काय आहे, याचा स्पष्ट उलगडा झालेला नव्हता. फिरखो यांनी त्या मधल्या द्रव्याकडे लक्ष वेधले आणि १८५६ च्या आपल्या लेखसंग्रहात त्याला न्यूरोग्लिया असे नाव दिले. ग्लिया हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ डिंक किंवा सरस. चेतापेशींना जागच्या जागी चिकटवून ठेवणारे भरणद्रव्य, एवढीच त्यांची समजूत होती. या नावामुळे पुढे कित्येक दशके या पेशींकडे दुय्यम म्हणून पाहिले गेले. सन्मान चेतापेशींचा, अभ्यास चेतापेशींचा. ग्लिया केवळ आधाराला. मेंदूचा समतोल राखण्याचे काम मात्र तीच करीत होती.

दुसरी गोष्ट सुजेविषयीची. आजारी अवयवातील पेशी फुगलेल्या आणि आतून गढूळ दिसतात, हे फिरखो यांनी नोंदवले. विकृतिशास्त्रात या बदलाला गढूळ सूज असे वर्णनात्मक नाव पडले. बाहेरच्या त्रासदायक कारणाने चेतलेली पेशी प्रमाणाबाहेर द्रव्य आत ओढून घेते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. निरीक्षण अचूक होते. अर्थ अपुरा होता. तरीही त्यांच्या विवेचनातील एक सूत्र टिकून राहिले. रोग म्हणजे शरीरात शिरलेले कोणी भूत नव्हे. बदललेल्या परिस्थितीत चाललेले ते जीवनच आहे.

याच काळात प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व फिरखो यांनी १८५५ मध्ये ठासून मांडले. इतिहासाचे अभ्यासक म्हणून येथे एक नोंद करणे आम्हांस आवश्यक वाटते. हा सिद्धांत त्यांच्या आधी रोबर्ट रेमाक यांनी प्रयोगांच्या आधारे मांडला होता. रेमाक ज्यू होते आणि त्यांनी धर्म बदलण्यास नकार दिला होता. त्या एका कारणाने प्रशियातील विद्यापीठाने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधीच दिले नाही. फिरखो यांनी सिद्धांत स्वीकारला, पण रेमाक यांना त्याचे उचित श्रेय दिले नाही. कीर्ती एकाच्या वाट्याला आली. ज्ञानाच्या दारावर जन्माचा पहारा केवळ आपल्याच देशात होता, असे मानण्याचे कारण नाही.

पेशींचे प्रजासत्ताक

१८५६ मध्ये बर्लिनने फिरखो यांना सन्मानाने परत बोलावले आणि त्यांच्यासाठी नवी विकृतिशास्त्र संस्था उभारली. १८५८ मध्ये त्यांनी तेथे दिलेली वीस व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पेशीय विकृतिशास्त्रावरील हा ग्रंथ आधुनिक वैद्यकाचा पाया समजला जातो.

शरीर हे पेशींचे राज्य असून प्रत्येक पेशी त्याची नागरिक आहे, अशी उपमा ते वापरीत. या राज्यात राजा नाही. क्षमता निरनिराळ्या असल्या तरी प्रत्येक पेशीला स्वतःचे जीवन आहे, आणि सर्वांचे जगणे परस्परांवर अवलंबून आहे. ही उपमा वाचताना आपल्या वाचकांना दुसरा एक देह आठवेल. पुरुषसूक्तातही समाजाची कल्पना देहाच्या रूपाने केली आहे. तेथे मुख आहे, बाहू आहेत, मांड्या आहेत आणि सर्वांत खाली पाय आहेत. शूद्र पूर्वी कोण होते, या १९४६ च्या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सूक्ताची कठोर चिकित्सा केली. देह एकच, पण एकाने त्यात उतरंड पाहिली आणि दुसऱ्याने प्रजासत्ताक. देहात मुळात काय आहे, हे मात्र प्रयोगशाळेनेच सांगायचे होते.

फिरखो यांच्यानंतर उलगडलेला भाग

पेशीचे आवरण अत्यंत पातळ असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक तिकडे पाणी ओढले जाते. शालेय पुस्तकात आपण यालाच परासरण म्हणतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. हे प्रमाण एकाएकी घसरले, की पेशीच्या बाहेरचे द्रव पातळ होते आणि पाणी पेशीत शिरते. जुलाबाने क्षार गमावलेल्या बालकाला नुसते साधे पाणी पाजत राहिल्यास असे घडू शकते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रमाणाबाहेर पाणी पिणाऱ्या धावपटूंनाही हा धोका संभवतो. म्हणूनच जुलाबात मीठ आणि साखर ठरलेल्या प्रमाणात असलेले जलसंजीवनीचे पाणी देण्याचा आग्रह धरला जातो.

मेंदूत हे पाणी प्रथम अंगावर घेतात त्या ग्लियाच्या तारकापेशी. ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या या पेशींचे पाय रक्तवाहिन्यांना बिलगलेले असतात आणि त्यांवर पाण्यासाठी खास प्रथिनांचे मार्ग असतात. अशा जलमार्गांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशींवर हे मार्ग जवळजवळ नसतात. त्यामुळे सूज आली की तारकापेशी आधी फुगतात आणि चेतापेशींवरचा पहिला आघात सौम्य होतो. ज्यांना डिंक म्हटले गेले, त्याच पहिला मारा झेलतात.

मग परतीचे काम सुरू होते. आपण फुगलो आहोत हे पेशीला जाणवते, आणि तिच्या आवरणातील काही दारे उघडतात. एका दाराने पोटॅशियम बाहेर जाते, दुसऱ्याने क्लोराइड. विरघळलेले पदार्थ बाहेर गेले की पाणीही त्यांच्यामागून निघते आणि पेशी आटू लागते. काचपात्रातील पेशींत हा बदल काही मिनिटांत दिसतो. जिवंत मेंदूत पहिल्या काही तासांत क्षार बाहेर टाकले जातात आणि साधारण दोन दिवसांत टॉरिन, मायो-इनॉसिटॉल, ग्लुटामेट यांसारखी सेंद्रिय द्रव्येही कमी केली जातात. ही द्रव्ये पेशीने स्वतः जमा केलेली असतात. संकटात ती आपल्याच साठ्यातून देते आणि आपला आकार वाचवते.

क्लोराइड व टॉरिन ज्या दारातून बाहेर पडतात, त्या दाराची हालचाल शास्त्रज्ञ कित्येक वर्षे मोजत होते. पण ते दार कोणत्या प्रथिनाचे, हे कळत नव्हते. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्याचा मुख्य घटक शोधला. त्याचे नाव एलआरआरसी८ए. एक गट अमेरिकेतील होता आणि दुसरा बर्लिनमधील. फिरखो यांच्याच शहरात हा धागा पुन्हा जोडला गेला.

या साऱ्यामागे एक अट आहे. आत पोटॅशियम आणि बाहेर सोडियम ही मांडणी आपोआप टिकत नाही. तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेणारा पंप पेशीच्या आवरणात अखंड चालू असतो. येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये उजेडात आणला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण तो विश्रांतीतही सुमारे वीस टक्के प्राणवायू वापरतो, आणि त्यातला मोठा हिस्सा असे पंप चालवण्यावर जातो. फिरखो यांनी वर्णिलेली गुठळी मेंदूतील वाहिनीत अडकली, की प्राणवायू तुटतो, पंप थांबतो आणि सोडियम आत साचते. पाणी शिरते, पेशी फुगते. दारे तीच असतात, पण परतीचा रस्ता ज्या मांडणीवर उभा होता ती मांडणीच कोसळलेली असते. पेशी नालायक झालेली नसते. तिचा पुरवठा तोडला गेलेला असतो.

एका उपमेची मर्यादा

वैद्यकाने यातून आणखी एक धडा घेतला. सोडियम बरेच दिवस कमी राहिले, तर तोवर पेशीने आपला साठा बाहेर देऊन नव्या स्थितीशी जुळवून घेतलेले असते. अशा वेळी शिरेतून तीव्र क्षार देऊन सोडियम एकदम वाढवले, तर पाणी पेशीतून झपाट्याने बाहेर पडते आणि पेशी आक्रसते. त्यातून मज्जातंतूंवरील वेष्टनाची, विशेषतः मेंदूच्या खोडात, गंभीर हानी होऊ शकते. असे रुग्ण १९५९ मध्ये प्रथम वर्णिले गेले. त्यांत मद्यासक्ती व कुपोषणाने ग्रासलेले लोक होते. म्हणून आज दीर्घकाळ घसरलेले सोडियम चोवीस तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढू न देण्याची दक्षता घेतात.

हे वाचून एखादा म्हणेल, पाहा, निसर्गालाही सुधारणा सावकाशच मानवते; समाजानेही घाई करू नये. हा निष्कर्ष आम्ही मुळीच मान्य करीत नाही. रुग्णालयातील सावकाशपणा रोग्याच्या हितासाठी असतो, आणि तो डॉक्टर रोज रक्त तपासून पाळतात. समाजात सावकाशपणाचा उपदेश बहुधा तेच करतात ज्यांना त्या रोगापासून लाभ असतो. भारतीय संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली ती हप्त्याहप्त्याने नव्हे. पेशीला मत नसते, इतिहास नसतो, अपमानाची स्मृती नसते. माणसाला हे सर्व असते. शरीराची उपमा समाजाला लावताना कोठे थांबावे, हे ज्याला कळत नाही तो पुरुषसूक्ताच्याच वाटेने जातो.

नळ, गटारे आणि सत्तेशी सामना

फिरखो यांनी स्वतः उपमेवर समाधान मानले नाही. १८५९ मध्ये ते बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि अखेरपर्यंत तेथे राहिले. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या प्रगती पक्षाच्या संस्थापकांत ते होते. पुढे प्रशियाच्या विधिमंडळात आणि १८८० ते १८९३ या काळात जर्मन संसदेत त्यांनी काम केले. बिस्मार्क यांच्या सत्तेचे ते कडवे विरोधक होते. १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते स्वीकारले नाही. मतभेद शस्त्राने मिटवण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. या प्रसंगाभोवती पुढे रंजक दंतकथा रचल्या गेल्या, पण त्यांना भक्कम आधार नाही.

त्यांचे खरे नगरकार्य जमिनीखाली आहे. त्या काळी बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेने उघडी गटारे वाहत. जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने भुयारी सांडपाण्याची योजना आखली, आणि फिरखो यांनी वैद्यकीय पुरावे मांडून ती नगरसभेत पुढे रेटली. १८७३ पासून काम सुरू झाले. सांडपाणी शहराबाहेरच्या शेतजमिनींवर नेण्यात आले. १८७४ मध्ये उघडलेले फ्रीडरिशहाइन हे शहराचे पहिले नागरी रुग्णालय, डुकराच्या मांसातील कृमींवर त्यांनी केलेले संशोधन आणि मांस तपासणीसाठी धरलेला आग्रह, हे सारे एकाच भूमिकेतून आले. भोवताल बदलला की माणसाचे शरीर स्वतःला सावरू शकते, हा त्यांचा विश्वास होता.

६७ लाख मुले आणि एक दूरचा धागा

१८७० च्या दशकात जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाची भाषा वाढू लागली होती. सोनेरी केस आणि निळे डोळे असलेला शुद्ध जर्मन वंश, आणि त्यातून निराळे काढलेले ज्यू, अशी विभागणी रंगवली जात होती. फिरखो यांनी याची परीक्षा घ्यायचे ठरवले. त्यांच्या पुढाकाराने जर्मन राज्यांतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा व त्वचेचा रंग शिक्षकांकरवी नोंदवला गेला. १८८६ मध्ये अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण गौर आणि सोनेरी केसांची मुले एक तृतीयांशाहूनही कमी निघाली, आणि निम्म्याहून अधिक मुलांत मिश्र लक्षणे आढळली. ज्यू मुलांतही सुमारे अकरा टक्के मुले सोनेरी केसांची होती. शुद्ध वंशाची कल्पना मोजमापासमोर टिकली नाही. दुर्दैवाने राजकारणाने मोजमाप ऐकले नाही, आणि पुढच्या शतकात त्याची किंमत लाखो निरपराधांनी मोजली.

तरीही हे काम वाया गेले नाही. १८८० च्या दशकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फिरखो यांच्याकडून मानवी मोजमापाचे शास्त्र शिकलेला फ्रान्झ बोआस हा तरुण पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि वंशवादाविरुद्ध मानववंशशास्त्राची फळी त्याने उभारली. बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर. त्यांच्याच परिसंवादवर्गात ९ मे १९१६ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. जात वंशभेदातून नव्हे, तर जातीबाहेर विवाह रोखण्याच्या सामाजिक रचनेतून जन्मली, असे त्यात प्रतिपादन होते. पुढे अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळे वंश नाहीत, असे दाखवले. बाबासाहेबांची प्रतिभा स्वतंत्र होती. ती कोणाची उसनी नव्हती. परंतु त्या वर्गात जे वारे खेळत होते, त्यातील एक झुळूक बर्लिनच्या त्या प्रयोगशाळेतून आली होती, एवढे इतिहास सांगतो.

माणूस म्हणून

फिरखो निर्दोष नव्हते. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी हात धुवावेत असे सांगणाऱ्या सेमेलवाइस यांच्या मताला त्यांनी योग्य वेळी पाठिंबा दिला नाही. जंतू हेच रोगाचे कारण, हे मान्य करताना ते फार कचरले. निआंडरथल येथे सापडलेली प्राचीन कवटी त्यांनी रोगट मानवाची ठरवली, आणि ते चुकले. रेमाक यांच्याशी झालेल्या अन्यायाचा उल्लेख वर आलाच आहे. आम्ही व्यक्तिपूजा शिकलो नाही. थोरांचे ऋण मान्य करावे आणि त्यांचे दोष झाकू नयेत, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

४ जानेवारी १९०२ रोजी चालत्या ट्राममधून उतरताना ऐंशी वर्षांचे फिरखो पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, पालकहो, निवासी शाळा म्हणजे तरी काय? बदललेला भोवताल. दोन वेळचे जेवण, अभ्यासाला दिवा, शिव्यांऐवजी नावाने हाक आणि सोबत शिकणारी मुले. यांतून मुलांत कोणतीही नवी बुद्धी भरली जात नाही. ती बुद्धी त्यांच्यात आधीपासूनच असते. गावकुसाबाहेर तिचा पुरवठा तोडला गेलेला असतो, इतकेच. शिवेलबाइनच्या एका मुलाला सरकारी खर्चाने शिकता आले आणि वैद्यकाला पेशीकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली. आपल्या वस्तीगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या मेंदूच्या सुजेवर काम करील, कोणी एखाद्या गावात भुयारी गटार करवून घेईल, कोणी शाळेत शिकवील. त्यांना हा पुरवठा अखंड मिळत राहावा, एवढी जबाबदारी आपली सर्वांची आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.